विवादी सुरांचं घर : गॉरगट्सविषयी प्रास्ताविक

पेटी शिकायला बसवलेल्या प्रत्येक पोरानं एक गुन्हा केलेला असतो. मास्तर चहा घ्यायला आत गेले की काळी एक आणि तिला खेटून असलेली पांढरी एकदम दाबून धरायची आणि भाता जोरात मारायचा. दोन्ही सूर एकमेकांत मिसळत नाहीत. ते एकमेकांवर घासतात, थरथरतात आणि खोलीभर एक खरखर पसरते. ती कानाला बोचते आणि तरीही बोट उचलावंसं वाटत नाही. मग आतून मास्तरांचा आवाज येतो, "काय चाललंय?" आणि पोरगं मुकाट्यानं सारेगमवर येतं.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या काही तरुणांनी १९९०च्या दशकात बोट उचललंच नाही. त्या खरखरीलाच त्यांनी घर मानलं, तिथे भिंती घातल्या, खिडक्या काढल्या आणि एक तासभराचा अल्बम त्यात राहायला नेला. या वाद्यवृंदाचं नाव गॉरगट्स आणि त्या अल्बमचं नाव 'ऑब्स्क्युरा'. ही पुस्तिका त्या अल्बमविषयी, तो करणाऱ्यांविषयी, आणि त्यानंतर जगभरच्या डेथ मेटलमध्ये जे काही उलटंपालटं झालं त्याविषयी आहे.

आधी एक कबुली देतो. डेथ मेटल हे मराठी वाचकाला सांगायला अवघड प्रकरण आहे. सकाळी घरात लावलं तर शेजारच्या काकू 'मिक्सरचं भांडं अडकलंय का?' असं विचारायला येतील, आणि त्यांची चूकही म्हणता येणार नाही. त्यामुळे आधी थोडी ओळख करून देणं भाग आहे.

गिटारच्या तारा नेहमीपेक्षा सैल करून सूर खाली उतरवायचे, त्यावर जाड, कातरलेला आवाज चढवायचा. पिकनं एकाच तारेवर इतक्या वेगात वरखाली आघात करायचे की सुटे सूर ऐकू न येता एक सलग गुणगुण ऐकू यावी. ड्रमरनं हातापायांनी बंदुकीच्या फैरीसारखा ठोका धरायचा. आणि गायकानं घशाच्या तळातून गुरगुरायचं. १९८०च्या दशकाच्या मध्यात हा प्रकार आकाराला आला. कॅलिफोर्नियातल्या पझेस्ड या बँडचा 'सेव्हन चर्चेस' १९८५चा, फ्लोरिडातल्या डेथ या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर' १९८७चा. दशक संपता संपता फ्लोरिडातलं टँपा हे गाव या संगीताचं पंढरपूर झालं. तिथल्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स नावाचा ध्वनिमुद्रक बसायचा आणि दूरदूरचे बँड त्याच्याकडे रेकॉर्डिंगची वारी करायचे. विषय ठरलेले असत. प्रेतं, रोग, खून, सडणं. मुखपृष्ठही त्याच धर्तीचं.

गॉरगट्सही त्या वारीत होते. मॉन्ट्रियलपासून दीडेकशे किलोमीटर पूर्वेला शेरब्रूक नावाचं शहर आहे, तिथे १९८९ साली हा बँड उभा राहिला. गिटार आणि गळा ल्यूक लेमेचा. नाव ठेवताना पोरांनी काही फार विचार केला नसावा. रक्त आणि आतडी यांचा लगदा, एवढाच त्या नावाचा अर्थ लागतो. रोडरनर या त्या काळच्या बड्या कंपनीनं त्यांना घेतलं, टँपाला पाठवलं, आणि १९९१ साली 'कन्सिडर्ड डेड' आला. मुखपृष्ठ डॅन सीग्रेव्हचं, म्हणजे त्या वेळचा मानाचा चित्रकार. चांगला अल्बम आहे. पण तो काढून तिथे दुसऱ्या कुणाचा ठेवला असता तरी फारसं बिघडलं नसतं. १९९३चा 'द इरोजन ऑफ सॅनिटी' मात्र जास्त गुंतागुंतीचा. त्यात गाणं दर काही क्षणांनी वळण घेतं, ओळखीच्या चालीला मध्येच मुरड पडते. टेक्निकल डेथ मेटल म्हणून ज्या शाखेला लोक ओळखतात तिच्यात तो सहज बसतो. त्याच अल्बमवर एका गाण्याचं नाव आहे 'कन्डेम्ड टू ऑब्स्क्युरिटी', म्हणजे विस्मृतीची शिक्षा झालेला. पुढे काय घडलं ते माहीत असलेल्याला हे नाव वाचून हसू येतं, आणि थोडं वाईटही वाटतं.

कारण पुढे तेच घडलं. रोडरनरनं त्यांना सोडून दिलं. डेथ मेटलची बाजारातली लाट ओसरत होती, कंपन्या आपापली दुकानं आवरत होत्या. बँडमधली माणसंही गळाली. लेमेच्या हाताशी ना कंपनी होती, ना कंत्राट, ना कुणाची अपेक्षा. या परिस्थितीत माणूस एक तर वाद्य विकून टाकतो, नाही तर जे आजवर जमलं तेच पुन्हा करून बघतो. लेमेनं तिसराच रस्ता धरला, आणि त्यात त्याला स्टीव्ह हर्डल नावाचा सोबती भेटला. बासवर स्टीव्ह क्लूतिए होता, ड्रमवर सुरुवातीच्या काळात स्टीव्ह मॅकडोनाल्ड. चौघांत तीन स्टीव्ह! तालमीत नुसती हाक मारली की तिघं वळून बघत असणार.

या मंडळींनी स्वतःवर काही बंधनं घालून घेतली. पिकची ती सलग गुणगुण, जिच्यावर सगळं डेथ मेटल उभं होतं, ती टाळायची. थ्रॅश या मेटलच्याच दुसऱ्या प्रकारातून आलेला तो ठरलेला धावता ठोका, तोही नको. विचार करा, भजनी मंडळानं ठरवावं की टाळ नाही आणि 'विठ्ठल विठ्ठल' नाही, पण करायचं मात्र भजनच. मग उरतं काय, हे शोधण्यातच त्यांची ती वर्षं गेली. गाण्यांचा मोठा भाग १९९०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच तयार होऊ लागला होता. ध्वनिमुद्रण व्हायला १९९७ उजाडलं, आणि ऑलिंपिक रेकॉर्डिंग्ज या छोट्या कंपनीनं अल्बम बाजारात आणला तो जून १९९८मध्ये. तोवर ही गाणी तालमीच्या खोलीतच जगली. त्यांच्यावर कुणाच्या टाळ्या नव्हत्या आणि कुणाची टीकाही नव्हती. माझं मत असं की 'ऑब्स्क्युरा'चा विचित्रपणा या एकटेपणातून आला आहे. बाहेरून कुणी 'हे जरा जास्तच होतंय' असं म्हणणारंच नव्हतं. मास्तर चहाला गेले ते चार-पाच वर्षं परत आलेच नाहीत.

आता त्या अल्बममध्ये शिरू. एकूण बारा गाणी, साधारण एक तास. पहिलं, अल्बमच्याच नावाचं गाणं, कसलीही प्रस्तावना न करता अंगावर येतं. दोन गिटार आहेत, पण त्या एकमेकींच्या साथीला आहेत असं वाटत नाही. एक गिटार तार ओढून सुराला त्याच्या जागेवरून खेचते, दुसरी तारेवर पिक आडवं घासून किंचाळल्यासारखा आवाज काढते. बासवाला दोन्ही हातांची बोटं पट्टीवर आपटत वाजवतो, त्यामुळे बास नुसता पाया भरत नाही, तोही भांडणात उतरतो. ड्रमकडे मोजायला बसलात तर सम सापडत नाही. आपल्याकडे रूपकाच्या सात किंवा झपतालाच्या दहा मात्रांत वाढलेल्या कानालाही इथे पहिल्यांदा चकवा बसतो, कारण इथे आवर्तन पुरं होण्याआधीच घर बदललेलं असतं.

पण चार-पाच वेळा ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. हे अस्ताव्यस्त नाही. तीच किंकाळी त्याच जागी परत येते, तोच ओढलेला सूर त्याच उंचीपर्यंत जातो आणि तिथेच तुटतो. म्हणजे हा आवाज चुकून झालेला नाही, बेतून केलेला आहे. आपल्या शास्त्रात वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे स्वर सांगतात. विवादी स्वर रागात वर्ज्य, पण कसबी गायक तो क्वचित, चिमटीनं वापरतो आणि रागाला वेगळीच चमक आणतो. गॉरगट्सनं चिमटीऐवजी पोतंच्या पोतं ओतलं. तरी 'ऑब्स्क्युरा'त राग मोडत नाही, एवढंच नव्हे तर नवा राग उभा राहतो, हे त्यांचं कसब. ही उपमा फार ताणू नये. त्यांनी आपलं शास्त्र वाचलं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्या कानाला दार उघडून द्यायला ती सोयीची आहे, इतकंच.

लेमेला हे सुचलं कुठून, याचं एक उत्तर त्याच्या दुसऱ्या प्रेमात आहे. मेटलच्या बरोबरीनं तो पाश्चात्त्य अभिजात संगीतात उतरला, व्हायोला शिकला, संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेतलं. शोस्ताकोविच आणि पेंडरेत्स्की ही दोन नावं त्याच्या बोलण्यात वारंवार येतात. पेंडरेत्स्की म्हणजे हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली, बावन्न तंतुवाद्यांसाठी लिहिलेली ती १९६०च्या सुमाराची विलापिका करणारा पोलिश संगीतकार. त्या रचनेत व्हायोलिनं गात नाहीत, ओरडतात, घासतात, सायरनसारखी वर चढतात. ती एकदा ऐकली की 'ऑब्स्क्युरा'मधल्या गिटारींचे पूर्वज कोण हे सांगावं लागत नाही. 'अर्थली लव्ह' या गाण्यात तर लेमेनं स्वतः व्हायोला वाजवला आहे. इतक्या कलकलाटात तो सूर आला की पाहुणा आल्यासारखं वाटायला हवं. पण तो घरातलाच एक, जरा अबोल माणूस वाटतो.

दुसरा धागा त्यांच्याच प्रांतातला आहे. क्वेबेकमध्ये वोईव्हॉड नावाचा बँड १९८२पासून वाजवत होता. त्यांचा गिटारवादक डेनी दामूर, ज्याला सगळे पिगी म्हणत, त्यानं मेटलमध्ये असे वाकडे, कडवट सूरसमूह आणले की पुढच्या क्वेबेकी पोरांना वाकडेपणाची भीतीच उरली नाही. तिथे अशा संगीताला जमीन आधीच नांगरलेली होती. ही मंडळी घरी फ्रेंच बोलणारी आणि गाणारी इंग्रजीत, यामुळेही कदाचित शब्दांचं ओझं त्यांच्यावर कमी असावं. 'ऑब्स्क्युरा'च्या शब्दांबद्दल मला फारसं कौतुक नाही, हेही सांगून टाकतो. आत्मा, पलीकडचं जग, देहापासून सुटका, असं धूसर गूढ त्यात आहे. पण आधीच्या प्रेतांच्या आणि आतड्यांच्या मानानं ही मोठीच सुधारणा.

अल्बम आला तेव्हा काय झालं? गोंगाट झाला नाही. काहींनी तोंडात बोटं घातली, काहींनी कानांत. जुन्या गॉरगट्सवर प्रेम करणाऱ्यांना हा विश्वासघात वाटला. विक्रीच्या याद्यांत त्याचं नाव शोधायला जाऊ नये. २००१ साली पुढचा अल्बम आला, 'फ्रॉम विज्डम टू हेट'. हर्डलच्या जागी मार्टिर या बँडचा डॅनियल मोन्ग्रें आला होता. हा अल्बम जास्त आटोपशीर आहे, 'ऑब्स्क्युरा'चा राग कायम ठेवून चाल जरा रस्त्यावर आणलेली. मोन्ग्रें पुढे, पिगीच्या निधनानंतर, वोईव्हॉडमध्ये त्याच्या जागेवर गेला. क्वेबेकमधलं हे वर्तुळ असं एकमेकांत अडकलेलं आहे.

मग दिवे विझले. २००२मध्ये ड्रमर मॅकडोनाल्डनं आयुष्य संपवलं. बँड थांबला. लेमे शहर सोडून गावाकडे गेला आणि लाकूडकामात रमला. छंद म्हणून नव्हे, धंदा म्हणून. रंधा, पटाशी, लाकडाचे तंतू. गाणं लिहिणाऱ्या माणसानं सुतारकामाकडे वळावं यात काही जण हरल्याची खूण पाहतात. मला तसं वाटत नाही. लाकूड ज्या बाजूनं चिरायचं नाही त्या बाजूनं चिरलं तर ते फाटतं. तारेचंही तसंच. हर्डलबरोबर त्यानं मधल्या काळात नेगातिव्हा नावानं थोडं काम केलं, पण गॉरगट्स हे नाव कपाटातच राहिलं. २००१ ते २०१३, मोजून बारा वर्षांचा वनवास. महाभारत वाचलेल्याला या आकड्याचं वेगळं काही सांगायला नको.

गंमत अशी की याच बारा वर्षांत बँडचं नाव मोठं झालं. तो मंचावर नसताना! ते कसं झालं, हाच या पुस्तिकेचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

काही बँड श्रोत्यांमुळे मोठे होतात. गॉरगट्स वादकांमुळे मोठा झाला. 'ऑब्स्क्युरा'च्या थोड्या प्रती विकल्या गेल्या असतील, पण त्या ज्यांच्या हाती पडल्या त्यांतले बरेच जण स्वतः गिटार धरणारे होते. त्यांनी ती गाणी सुटी करून, उलगडून, तार-तार तपासून पाहिली. बरणीतलं लोणचं जसं मुरतं तसा हा अल्बम मुरत राहिला. जर्मनीतल्या बव्हेरियामध्ये स्टेफन कुम्मेररनं आपल्या बँडला थेट 'ऑब्स्क्युरा' हेच नाव दिलं. एखाद्या बँडच्या अल्बमचं नाव दुसऱ्यानं आपल्या घराच्या पाटीवर लावावं, याहून मोठी दाद कोणती? विशेष म्हणजे त्या जर्मन बँडचं संगीत या अल्बमसारखं अजिबात नाही. ते स्वच्छ, वेगवान, कसरतीचं आहे. नाव घेतलं, वाट मात्र स्वतःची धरली.

वाट घेणारे वेगळे होते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा अल्सरेट, इटलीचा आद नाउझेआम, न्यूयॉर्कचा पायरॉन अशी नावं घेता येतात. यांतल्या प्रत्येकाचा चेहरा वेगळा असला तरी नाकाची ठेवण गॉरगट्सवर गेलेली आहे. इंग्रजीत या शाखेला डिसोनंट डेथ मेटल म्हणतात. मराठीत विसंवादी म्हणता येईल. पंचवीस वर्षांपूर्वी असं लेबल नव्हतं. एका अल्बमनं एक कप्पा तयार केला, आणि मग दुकानदारांना त्यावर चिठ्ठी डकवावी लागली. अमेरिकेतल्या 'डेसिबल' मासिकानं आपल्या हॉल ऑफ फेममध्ये 'ऑब्स्क्युरा'ला जागा दिली, तेव्हा ज्या कंपनीनं एकेकाळी या बँडला रस्त्यावर सोडलं होतं तिथे काय प्रतिक्रिया झाली असेल, याची मला उगाच उत्सुकता आहे.

इथे एक तक्रार नोंदवतो. या बँडविषयी लिहिताना 'टेक्निकल' हा शब्द मला कायम अडचणीचा वाटत आला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे बोटांचा वेग, म्हणजे सर्कस. अशा सर्कशी डेथ मेटलमध्ये भरपूर आहेत आणि त्यांतल्या काही मला आवडतातही. पण 'ऑब्स्क्युरा'तलं सर्वांत मोठं गाणं 'क्लाउडेड' आहे, नऊ मिनिटांहून लांब आणि चालीला संथ, जवळजवळ पाय ओढत जाणारं. तिथे वेग नाही. एक सूर ओढला जातो, दुसरा त्याला अडवतो, मध्ये मोठी पोकळी. वाजवायला ते कसरतीच्या गाण्यांपेक्षा सोपं असेल, पण ते सुचायला अवघड होतं. कौशल्य बोटांत नसून निवडीत आहे, हे इथे उघड दिसतं. आणि शिष्यांबद्दलही एक शब्द. बऱ्याच जणांनी गुरूची फक्त खरखर उचलली. दोन बोचरे सूर एकत्र धरले, वर धुकं सोडलं, की झालं विसंवादी डेथ मेटल! 'ऑब्स्क्युरा'त प्रत्येक गाण्याला गुणगुणता येईल अशी निदान एक जागा आहे, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. आज ती खरखर हीच नवी रूढी झाली आहे. रूढी मोडायला निघालेल्या अल्बमच्या नशिबी हे येणारच होतं.

पुन्हा एकत्र येण्याची कल्पना हर्डलनं लेमेच्या डोक्यात घातली. बँडला वीस वर्षं होताहेत, एक अल्बम का करू नये? लेमेनं नवे सोबती निवडले ते असे. बासला कॉलिन मार्स्टन, गिटारला केव्हिन हुफ्नागेल, दोघंही न्यूयॉर्कच्या डिस्रिद्मियासारख्या प्रयोगशील वर्तुळातले. ड्रमला ओरिजिन या बँडचा जॉन लाँगस्ट्रेथ. या पिढीच्या कानावर 'ऑब्स्क्युरा' आधीच होता. म्हणजे प्रभाव फिरून आपल्याच उगमात आला. ज्यांना घडवलं त्यांनीच घर पुन्हा बांधायला हात दिला. हर्डलला ते पूर्ण झालेलं पाहता आलं नाही. २०१२च्या मे महिन्यात तो गेला.

'कलर्ड सँड्स' २०१३मध्ये सीझन ऑफ मिस्ट या फ्रेंच कंपनीकडून आला. विषय तिबेट. लामांनी रंगीत वाळूचे कण एकेक करून मांडायचे, दिवसेंदिवस खपून मंडल उभं करायचं आणि मग ते पुसून टाकायचं, तिथून अल्बमचं नाव आलं आहे. पहिल्या भागात तो देश, तिथली माणसं, दलाई लामा या पदवीतला ज्ञानाचा सागर. मग मध्यावर गिटारी गप्प होतात. 'द बॅटल ऑफ चाम्दो' हे फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं आहे. ऑक्टोबर १९५०मध्ये चिनी सैन्यानं चाम्दो घेतलं, ती लढाई. त्यानंतरच्या गाण्यांत आक्रमण, स्वतःला पेटवून घेणारे भिक्षू, हिमालयाच्या खिंडीतून पळणारी माणसं. दलाई लामांना १९५९ साली आसरा देणाऱ्या देशात आपण राहतो, त्यामुळे हा अल्बम आपल्याला परका वाटायचं काही कारण नाही. रक्तामांसाच्या लगद्याचं नाव लावणाऱ्या बँडनं अहिंसेवर अल्बम करावा, आणि तो हास्यास्पद होऊ नये, हे कसं साधलं ते पुढे सविस्तर येईल. माझा कौल इथेच सांगतो. रचना म्हणून 'कलर्ड सँड्स' हा 'ऑब्स्क्युरा'पेक्षा सरस आहे. महत्त्व मात्र 'ऑब्स्क्युरा'चं जास्त. एक पक्का बांधलेला वाडा आहे, तर दुसरा जंगलात पाडलेली पहिली पायवाट.

२०१६चं 'प्लेयाडीज डस्ट' हे तेहतीस मिनिटांचं एकच सलग गाणं. विषय बगदादचं बैत अल-हिक्मा, म्हणजे प्रज्ञागृह. ते नेमकं कसं होतं यावर इतिहासकारांत वाद आहेत, पण आठव्या-नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या त्या राजधानीत ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांची मोठ्या प्रमाणावर अरबीत भाषांतरं झाली, हे पक्कं. ब्रह्मगुप्ताचं खगोलगणित तिथे पोचलं. आपले अंक तिथून पुढे पश्चिमेकडे गेले. लेमेच्या गाण्यातल्या एका भागाचं नावच 'पर्ल्स ऑफ ट्रान्स्लेशन' आहे. एका मेटल बँडनं अनुवादकांवर गाणं लिहिलं आहे! मराठीतल्या अनुवादकांनी निदान एवढ्यासाठी तरी ते ऐकावं. शेवटी १२५८ साली मंगोल हुलागूच्या फौजा येतात आणि गाणं वेढा पडल्यासारखं आवळत जातं. संथ, मोकळे, जवळजवळ शांत भाग यात इतके आहेत की 'ऑब्स्क्युरा'च्या वेळी यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

या पुस्तिकेत मी काय करणार नाही तेही सांगतो. गॉरगट्स हा सर्वांत थोर बँड आहे असं मी सिद्ध करायला बसलेलो नाही. डेथ या बँडचा चक शुल्डिनर, एथिस्ट आणि सिनिक हे बँड यांच्याशिवाय हे घर उभंच राहिलं नसतं, आणि त्यांचं ऋण प्रत्येक प्रकरणात येत राहील. शिवाय चाहत्यांच्या भक्तीनं या बँडच्या अवतीभवती जो धूप जमला आहे, त्याचा मला कंटाळा आहे. लेमे स्वतः मुलाखतींत हसतमुखानं, लाकडाबद्दल बोलावं तसं संगीताबद्दल बोलतो. त्याच्याविषयी लिहिताना मीही तेवढ्याच साध्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला आहे.

आता वाचकाला एक विनंती. ही पुस्तिका आधी वाचू नका, आधी ऐका. सुरुवात पहिल्या गाण्यापासून करू नका, 'क्लाउडेड'पासून करा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगले हेडफोन लावा, आवाज बेताचाच ठेवा, आणि नऊ मिनिटं दुसरं काही करू नका. मग 'कलर्ड सँड्स' मधल्या तंतुवाद्यांच्या भागासकट सलग ऐका. आणि त्यानंतरच 'ऑब्स्क्युरा' पहिल्यापासून लावा. पहिल्या वेळी आवडलं नाही तर आठवडाभर बाजूला ठेवा आणि पुन्हा लावा. मला स्वतःला तिसऱ्या खेपेला ते कळलं. पहिलं प्रकरण शेरब्रूकमध्ये, १९८९ साली सुरू होतं.